'एनीवन डिड नॉट रिप्लाय' यात चुकलं काय? कुणी, कुणीतरी, कुणीही आणि इंग्रजीतली बारा भावंडं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी तो आधी थोडक्यात सांगते. तुम्ही मराठी मीडियमचे, पुण्यात एका कंपनीत सहा महिन्यांपूर्वी टीम लीड झालात, टीमला मेल टाकला आणि मॅनेजरने त्यातली तीन वाक्यं लाल करून परत पाठवली. 'एनीवन डिड नॉट रिप्लाय टू माय मेल', 'एव्हरीवन हॅव टू सबमिट हिज टाइमशीट टुडे' आणि 'फ्यू पीपल हॅज सम डाउट्स, आय विल कॉल देम'. तुम्ही म्हणताय की सम आणि एनीचा तक्ता शाळेपासून पाठ आहे, होकारात सम, नकारात आणि प्रश्नात एनी, तरी हात चुकतोच, आणि बँकेच्या परीक्षा देताय तिथेही याच प्रश्नांवर मार्क जातात, तर कुठलं पुस्तक घेऊ.

पुस्तक एवढ्यात नका घेऊ. मी सांगलीत चोवीस वर्षं स्पोकन इंग्लिश आणि ग्रामरचे क्लास घेते, आणि गंमत सांगते, पहिल्या वाक्यात तुम्ही तो तक्ता अगदी तंतोतंत पाळलाय. नकार आहे ना, मग एनी. तक्त्याप्रमाणे बरोबर आणि इंग्रजीप्रमाणे चूक, कारण तक्ता अर्धंच सांगतो. एनी नकारात चालतं हे खरं, पण नकार एनीच्या आधी कानावर पडलेला असला पाहिजे, हे त्यात लिहिलेलंच नसतं. 'आय डिडन्ट सी एनीवन' चालतं कारण डिडन्ट आधी आलं. 'एनीवन डिडन्ट सी मी' चालत नाही कारण एनीवन आधी येऊन बसलं आणि नकार मागून आला.

आता आपल्याला हे का खटकत नाही ते बघा. मराठीत नाही शेवटी येतं. 'कुणी माझ्या मेलला रिप्लाय केला नाही', ऐकणारा निवांत शेवटपर्यंत थांबतो, नाही आलं की मागचं सगळं वाक्य नकाराचं करून घेतो, कुणी बिचारं तसंच राहतं. इंग्रजीला तेवढा धीर नाही, तिला नकार लवकर लागतो. म्हणून कुणी जर कर्ता असेल, म्हणजे वाक्य त्याच्यापासूनच सुरू होत असेल, तर शेवटचं नाही उचलून थेट कुणीला चिकटवायचं. मी पोरांना असं मुद्दाम वेडंवाकडं बोलायला लावते, 'कुणीनाही रिप्लाय केला', 'काहीनाही घडलं', 'कुणालानाही माहितीये'. हसतात खूप पण आठवड्यात बसतं. कुणीनाही म्हणजे नो वन किंवा नोबडी, काहीनाही म्हणजे नथिंग, आणि नाही आधीच खर्च झालं म्हणून क्रियापद सरळ होकाराचं. 'नो वन रिप्लाइड टू माय मेल.' बस.

इथे दुसरा खड्डा आहे. काहीजण नो वन आठवतात आणि शेवटचं नाही पण सोडवत नाही, मग 'नोबडी डिडन्ट कम' तयार होतं. आपण 'कोणीच आलं नाही' म्हणतो ना, कोणीच मध्ये पण जोर आणि नाही पण आहे, त्यामुळे दोन्ही हवेत असं वाटतं. आजच्या प्रमाण इंग्रजीत त्याचा सरळ अर्थ 'न आलेलं कुणीच नाही', म्हणजे सगळे आले! असे दुहेरी नकार इंग्रजीत कधी नव्हतेच असं नाही हं, चौदाव्या शतकात चॉसर एका वाक्यात दोन दोन तीन तीन नकार खुशाल लावायचा, आणि आजही बोलीत आणि गाण्यांत ते ऐकू येतात. पण ऑफिसच्या मेलमध्ये आणि परीक्षेत नाही चालत, विषय संपला.

माझी स्वतःची फजिती सांगते. कॉलेज नुकतंच संपलं होतं, एका ऑफिसात टेम्पररी काम करत होते, दुपारी सगळे जेवायला गेलेले आणि दिल्लीहून फोन आला. मी म्हणाले, 'एनीबडी इज नॉट हिअर.' पलीकडचा माणूस म्हणाला, 'सो हू इज नॉट देअर?' त्याला वाटलं कोणीतरी एक ठरावीक माणूस नाहीये. मी परत तेच, जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा त्याने फोन ठेवला. 'देअर इज नोबडी हिअर' हे चार शब्द मला तेव्हा कुणी दिले असते तर किती बरं झालं असतं.

पण एक अपवाद आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर उद्या तुम्ही बरोबर वाक्य खोडाल. 'एनीवन हू डिडन्ट रिप्लाय विल गेट अ रिमाइंडर' हे एकदम बरोबर आहे. मराठीत बघा, 'ज्या कुणी रिप्लाय केला नाही त्याला रिमाइंडर जाईल'. नाही आहे ते जो-कुणीच्या छोट्या वाक्यात, मुख्य वाक्य होकाराचंच आहे. तुमच्या मेलमध्ये हे सारखं लागणार.

आणि नकार नेहमी नॉट घालूनच येतो असंही नाही. 'कुणाला न सांगता गेला' मध्ये न आहे, तो इंग्रजीत विदाउटमध्ये लपतो, 'ही लेफ्ट विदाउट टेलिंग एनीवन'. 'फारसं कुणी आलं नाही' हे 'हार्डली एनीवन केम'. हार्डली स्वतःच नकार आहे, म्हणून एनीवन त्याच्यामागे सुखाने बसतं आणि परत डिडन्ट लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. शाळेत आपल्याला मराठी व्याकरणात मूळ सर्वनामं नऊच शिकवली, मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. त्यात समवनसाठी वेगळा शब्द नाहीच. कोण आणि काय प्रश्न विचारायला असतात, आणि प्रश्न नसेल तेव्हा तेच सामान्य सर्वनाम होतात, 'कोणी कोणास हसू नये' हे उदाहरण आठवत असेल. म्हणजे आपल्याकडे एकच कुणी आणि एकच काही, आणि त्यांना मागे शेपूट लावून आपण काम भागवतो, तरी, ही, च. इंग्रजीत शेपूट नाही, डोकं बदलतं. सम, एनी, एव्हरी, नो ही चार डोकी आणि वन, बडी, थिंग ही तीन धडं, झाली बारा भावंडं. वन आणि बडीत अर्थाचा फरक नाही, बडी जरा बोलण्यातलं, एवढंच. त्यात नो वन तेवढं तोडून लिहितात. तुम्ही कुणीचं भाषांतर शोधता, मी म्हणते कुणीकडे बघूच नका, शेपटाकडे बघा.

तरी असेल तर सम. कुणीतरी आलंय, काहीतरी जळतंय, कुणाला तरी विचार. माणूस किंवा वस्तू नक्की आहे, फक्त कोण ते माहीत नाही किंवा सांगायचं नाही. इथे चूक जवळजवळ होत नाही. ही असेल आणि वाक्य होकाराचं असेल तर एनी, 'कुणीही करू शकेल', 'एनीवन कॅन डू इट'. ही असेल आणि शेवटी नाही असेल, किंवा च आणि नाही असेल, तर नो, नाहीतर नॉट आधी नि एनी मागे. 'कुणीही आलं नाही', 'कुणीच आलं नाही', दोन्हीला 'नो वन केम'. बघा, तेच कुणीही, पण वरच्या वाक्यात एनीवन झालं आणि इथे नो वन. तुमचा हात इथेच घसरला. कुणीही म्हणजे एनीवन असं डोक्यात शिवून टाकलंय आणि शेवटचं नाही बघितलंच नाही.

शेपूट नसेल तर? नुसतं कुणी, नुसतं काही. मग वाक्याचा सूर बघायचा. 'कुणी आलं होतं का?' मध्ये मला काहीच अंदाज नाही, म्हणून एनीवन. 'कुणीतरी आलं होतं का?' म्हणते तेव्हा मी दारात चपला बघितल्यात, मला हो ऐकायची खात्री आहे, म्हणून प्रश्न असूनही 'डिड समवन कम?'. तक्ता म्हणतो प्रश्नात एनी, पण मराठीला हा फरक नीट कळतो, तिचं ऐका. टीमला विचारताना पण 'हॅज समवन कॉल्ड द क्लायंट?' म्हणजे केलाच असेल ना फोन, आणि 'हॅज एनीवन कॉल्ड द क्लायंट?' ला थोडा वैताग येऊ शकतो, अरे कुणी केलाय का तरी. अर्थात हे आवाजावर पण असतं, लेखी मेलमध्ये दुसरं वाक्य अगदी साधंही वाचलं जाईल.

पाहुण्याला विचारताना तेच. 'वुड यू लाइक समथिंग टू ड्रिंक?' मध्ये घ्या हो काहीतरी असा आग्रह आहे. एनीथिंग घातलं तर चूक नाही, पण ते जरासं 'काही घेणार होतात का, की निघालात' असं होतं. पुणेकरांनी राग मानू नये.

आणि 'कोणी यावं टिकली मारून जावं' यातलं कोणी शेपटाशिवायही एनीवनच आहे, कारण यावं, जावं ने ते मोकळं सोडलंय. उलट, मुलं एकमेकांना 'काहीही!' म्हणतात त्याचं 'एनीथिंग!' करू नका, मुंबई-पुण्याबाहेरच्या माणसाला ते अजिबात कळणार नाही.

आता एक प्रकार असा आहे की जिथे मराठीच गोंधळलेली असते, आणि तो मला मिरजेच्या एका नर्समुळे नीट कळला. ती परदेशी जायच्या तयारीत होती, ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला जे सांगतात त्याची आम्ही प्रॅक्टिस करत होतो. ती म्हणाली, 'एव्हरीवन हॅज नॉट टेकन द टॅब्लेट.' मी विचारलं, म्हणजे कुणीच नाही घेतली की काहींनी घेतली? ती म्हणाली अहो मॅडम, सगळ्यांनी नाही घेतली! आणि आम्ही दोघी थांबलो, कारण मराठीतही 'सगळ्यांनी नाही घेतली' चे दोन अर्थ होतात, आपण आवाजावरून ओळखतो. इंग्रजीत नॉट पुढे घ्यायचं, 'नॉट एव्हरीवन हॅज टेकन इट', म्हणजे काही राहिलेत. आणि कुणीच घेतली नसेल तर 'नो वन हॅज टेकन इट'. एव्हरीवनच्या मागे नॉट ठेवायचंच नाही असा माझा क्लासचा कायदा आहे. ग्रामरच्या पुस्तकात इतकं कडक लिहिलेलं नसतं, इंग्रज लोक स्वतः बोलताना ठेवतात पण, तरी मी ठेवू देत नाही. कुणीहीला पण तेच लागू, 'हे कुणालाही जमत नाही' म्हणजे 'नो वन कॅन डू धिस', आणि 'हे कुणालाही जमेल असं नाही' म्हणजे 'नॉट एव्हरीवन कॅन डू धिस'.

तुमचं दुसरं वाक्य, एव्हरीवन हॅव. याला मी एकच औषध देते, एव्हरीवनचं मराठी सगळे असं करणं बंद करा, प्रत्येकजण करा. सगळे आलेत, पण प्रत्येकजण आलाय. झालं एकवचन, हॅज आपोआप. ईच, एव्हरीबडी, एव्हरीथिंग सगळ्यांना हेच. सगळे हे ऑलसाठी ठेवा, आणि त्यातही मराठी किती मदत करते बघा, सगळे आणि सगळं हा फरक आपल्याकडे आहे. 'ऑल आर प्रेझेंट' मध्ये सगळे, म्हणून आर. 'ऑल इज वेल' मध्ये सगळं, म्हणून इज. इंग्रजीत दोन्हीला एकच ऑल, म्हणून इंग्रजीतूनच विचार करणाऱ्याला हे पाठ करावं लागतं, आपल्याला नाही. (एव्हरी वन ऑफ यू मात्र तोडून लिहायचं, ऑफ आलं की एव्हरी आणि वन सुटे, आणि बोलताना जोर वनवर.)

आता त्या हिज बद्दल, आणि इथे उत्तर परिस्थितीवर आहे. मराठीत 'प्रत्येकाने आपापली टाइमशीट भरा', आपापली म्हटलं की बाई का पुरुष हा प्रश्नच येत नाही. इंग्रजीकडे आपापली नाही. जुन्या ग्रामरच्या पुस्तकांनी हिज लावायला शिकवलं, कायद्यातही तीच पद्धत होती, आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम १३ मध्ये पुल्लिंगी शब्दात स्त्रिया धरल्याच जातात असं लिहिलंय. पण तुमच्या टीममध्ये निम्म्या मुली असतील तर त्यांनी हिज का वाचावं? आज मेलमध्ये देअर लिहा, 'एव्हरीवन हॅज टू सबमिट देअर टाइमशीट'. हे नवीन फॅड आहे असं कुणी म्हणालं तर सांगा की एका माणसाला दे वापरणं चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे, आणि मेरियम-वेबस्टरने २०१९ चा वर्षाचा शब्द म्हणून दे हाच निवडला होता. हॅज एकवचनी आणि देअर अनेकवचनी कसं, असं तुम्हाला वाटेल. आपण 'सर आले' म्हणतोच ना, सर एकच असतात.

परीक्षेत मात्र सावध राहा. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नांत अजून कुठे कुठे हिज किंवा 'हिज ऑर हर' हेच उत्तर धरतात आणि देअरला चूक ठरवतात. तिथे वाद घालून मार्क मिळत नाहीत, ज्या परीक्षेला बसताय तिच्या मागच्या उत्तरतालिका बघा आणि त्या दिवशी तसं लिहा. नन ऑफ देमचंही तसंच आहे, इज आणि आर दोन्ही चालतात, मेलमध्ये कानाला बरं वाटेल ते घ्या, मी स्वतः आर लिहिते, पण परीक्षेत दुसरं काही स्पष्ट नसेल तर एकवचनाकडे जाते. ईदर आणि नीदर ऑफ देम आलं तर दोघांतलं एक, म्हणून लेखी इंग्रजीत एकवचन. आणि 'वन ऑफ माय फ्रेंड' हे आपल्या देशातलं सगळ्यात लोकप्रिय वाक्य असावं, मित्रांपैकी एक ना, मग फ्रेंड्स, आणि क्रियापद त्या एकाचं.

तिसरं वाक्य, फ्यू पीपल. इथे दोन चुका आहेत, हॅज तर तुम्हाला आता दिसलाच असेल, माणसं अनेक म्हणून हॅव. खरी चूक अ गाळलात ती, कारण तिने अर्थच उलटवला. फ्यू म्हणजे जवळजवळ कुणी नाही, निराशेचा सूर. अ फ्यू म्हणजे आहेत थोडेफार. आपल्याकडे याला फार छान शब्द आहे, चार. चार माणसं जमली, चार पैसे मिळाले, चार लोक काय म्हणतील, यातले चार मोजलेले नसतात, तेच अ फ्यू. आणि फ्यू म्हणजे 'बोटावर मोजण्याइतके'. मनात चार येत असेल तर अ लावा, बोटं येत असतील तर लावू नका. लिटिल आणि अ लिटिल पण तसंच, फक्त ते न मोजता येणाऱ्या गोष्टींना. तुमचं वाक्य मॅनेजरने 'फारशा कुणाला शंका नाहीत' असं वाचलं आणि पुढे 'मी त्यांना फोन करतो' आलं, म्हणजे कुणाला? शिवाय डाउट्स हा आपला भारतीय वापर, बाहेरचा माणूस डाउट म्हणजे संशय समजतो, क्वेश्चन्स लिहा.

प्रॅक्टिस काय करायची तर रोज पाच वाक्यं, पण इंग्रजी नाहीत, मराठी. दिवसभरात घरात, ऑफिसात, बसमध्ये जे कुणी-काही कानावर पडेल ते जसंच्या तसं लिहून काढा, 'कुणीतरी लाइट बंद करा रे', 'मला कुणी काही सांगतच नाही', 'फ्रीजमध्ये काही आहे का', 'दुसऱ्या कुणाचा तरी चार्जर घे'. शेपटाखाली रेघ मारा, नाही असेल तर त्याला गोल करा, कर्ता कोण ते बघा, आणि मग इंग्रजी करा. 'मला कुणी काही सांगतच नाही' हे माझं आवडतं, त्यात कुणी पण आहे, काही पण आहे, आणि नाही एकच. ते नाही पहिल्याला चिकटलं की दुसऱ्याला एनीच मिळणार, 'नो वन टेल्स मी एनीथिंग'. हे एक वाक्य ज्याला न अडखळता जमलं त्याचा निम्मा धडा झाला असं मी धरते. साधारण तीन आठवडे लागतात, काहींना दोन महिनेही लागलेत, वाचन किती आहे त्यावर आहे.

तुमचा मेल मी असा लिहिला असता. 'नो वन हॅज रिप्लाइड टू माय मेल येट. एव्हरीवन हॅज टू सबमिट देअर टाइमशीट टुडे. अ फ्यू पीपल हॅव क्वेश्चन्स, आय विल कॉल देम.' पहिल्या वाक्यात हॅज रिप्लाइड आणि येट घातलं कारण अजून वेळ गेलेली नाही, डिड नॉटमध्ये दार बंद झाल्यासारखं वाटतं. आणि खरंच एकानेही रिप्लाय केला नव्हता का, हे आधी तपासा. दोघातिघांनी केला असेल तर ते वाक्य त्यांना लागेल, मग 'नॉट एव्हरीवन हॅज रिप्लाइड' पाहिजे. उद्या पाच वाक्यं इथे टाका, मी बघते.